केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये उजेड-अंधाराचं गणित : या चुका टाळा

16 तास उजेड, 8 तास अंधार. टिश्यू कल्चरची, म्हणजे कंदाच्या तुकड्यापासून बंद बाटलीत वाढवलेली रोपं जिथे ठेवतात, त्या ग्रोथ रूमचा हा पाढा सगळ्यांनाच पाठ असतो. खानदेशात घोळ होतो तो उन्हाळ्यात आणि लाइट गेल्यावर.

पहिली चूक म्हणजे दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवणं. बाटलीतल्या रोपाला बाहेरचा सूर्य कुठे दिसतो? मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास असताना भर दुपारी ट्यूबा चालू ठेवल्या की एसी हात टेकतो. खोलीत 25 अंश दिसले, तरी बाटलीच्या आत दोन-तीन अंश जास्तच असतात. त्यातून खालच्या कप्प्याची ट्यूब वरच्या बाटल्यांची बुडं तापवते. झाकणाला थेंब धरतात, पानं पाणीदार, काचेसारखी होतात. उन्हाळ्यापुरती रोपांची रात्र सकाळी 11 ते संध्याकाळी 7 करा, खिडक्या काळ्या कागदानं बंद करा आणि बाटल्यांची तपासणी 11 च्या आत उरका. ट्यूबांचे चोक (तापणारे बॅलास्ट) खोलीबाहेर काढले तर आणखी बरं.

पण मग ट्यूबा चालू-बंद करणारा टायमर सांभाळा. चकतीचा साधा टायमर लाइट गेली की थांबतो. रोज तीन तास भारनियमन असेल, तर चार दिवसांत तो 12 तास मागे पडतो आणि तुमची रात्र पुन्हा रात्रीवर जाते! बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमरच घ्या.

नव्या कंदाचे तुकडे लगेच उजेडात ठेवू नका, कापलेला भाग काळा पडतो. पहिला आठवडाभर अंधार द्या.

वाढ मंद दिसली की ट्यूबा वाढवायच्या, हेही चुकीचंच. बाटलीतलं रोप मुख्यतः माध्यमातल्या (बाटलीतल्या पोषक द्रव्यातल्या) साखरेवर जगतं, लिटरला 30 ग्रॅम. दोन-तीन हजार लक्स (उजेडाचं एकक) त्याला पुरतात. जास्त उजेडानं माध्यमातलं लोहाचं संयुग मात्र बिघडतं. नुसते लाल एलईडी लावलेत तर रोपं लांबुडकी होतील, सोबत निळा हवाच. आणि लाल-निळ्या दिव्यांखाली लक्समीटरवर विसंबू नका, तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतो.

बाटलीतून काढलेलं रोप थेट उन्हात नेऊ नका. त्याच्या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, पर्णरंध्रं धड मिटत नाहीत. आधी दाट शेडनेट आणि दमट हवा, मग हळूहळू ऊन.