दुबईत धंदा टाकायचाय? लायसन्सचा भाव नंतर विचारा, आधी दुसऱ्या वर्षाचा हिशोब मांडा

दुबईत कंपनी काढायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "लायसन्सला किती?" आणि एजंट पण तयारच असतो, साडेपाच हजार दिरहम, बारा हजार दिरहम, ऑफर महिनाअखेरपर्यंतच हां सर. मी इथे दुबईच्या बर दुबई भागात अकाउंट्सचं काम करतो, आपल्याकडची बरीच मंडळी चौकशीला येतात, आणि मी प्रत्येकाला आधी एकच करायला सांगतो. पहिल्या वर्षाचं बजेट बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल, भाडं आणि व्हिसा एकत्र अंगावर येतील तेव्हा खात्यात किती उरलेले असतील ते लिहून काढा. तो आकडा बरा दिसला तर पुढचं बोलू.

खालचे सगळे आकडे दिरहममध्ये आहेत, एका दिरहमचे रुपये किती ते आजच्या दराने धरा. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की काहीही न करता तुमचं बजेट वाढतं, म्हणून रुपयात हिशोब करणाऱ्यांनी थोडी फट ठेवाच.

मेनलँड की फ्री झोन

मेनलँड म्हणजे दुबई सरकारच्या इकॉनॉमी अँड टुरिझम खात्याचं लायसन्स, फ्री झोन म्हणजे परदेशी कंपन्यांसाठी आखलेल्या खास पट्ट्यातलं, त्या त्या झोनच्या ऑथॉरिटीने दिलेलं. पूर्वी मेनलँडला ५१ टक्के लोकल स्पॉन्सर लागायचा, १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत १०० टक्के मालकी आपली राहू शकते. तरी अजून लोक "लोकल पार्टनर बघावा लागेल ना" असं विचारतात आणि काही एजंट त्याचे पैसे पण लावतात, तेव्हा सावध.

ढोबळ नियम असा की गिऱ्हाईक दुबईतलं आणि समोरासमोरचं असेल, म्हणजे दुकान, हॉटेल, सलून, क्लिनिक, एसी रिपेअरिंग, तर मेनलँड. गिऱ्हाईक बाहेरच्या देशातलं असेल, सॉफ्टवेअर, कन्सल्टिंग, एक्स्पोर्ट, तर फ्री झोन स्वस्त पडतो. फ्री झोनवाल्याला मेनलँडवर थेट काम करायचं असेल तर आता दुबईत त्यासाठी वेगळं परमिट निघालंय, सहा महिन्यांचे ५,००० दिरहम, पण ते सगळ्या धंद्यांना नाही. आणि एकटेच डिझाइन, मीडिया, आयटी असलं काम करत असाल तर कंपनीच्या भानगडीत पडायच्या आधी फ्रीलान्स परमिट बघा, गो फ्रीलान्स नावाच्या फ्री झोनच्या योजनेचं परमिट वर्षाला ७,५०० आहे, व्हिसा वेगळा. बऱ्याच जणांचं एवढ्यात भागतं पण व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजिंग डायरेक्टर लिहायची हौस असते त्याला काय करणार.

कोटेशन कसं वाचायचं

एजंटचं कोटेशन आलं की वरची मोठी रक्कम बघू नका, सरळ खालच्या बारीक अक्षरात जा. नमुन्याचं कोटेशन साधारण असं असतं: "लायसन्स, झीरो व्हिसा, फ्लेक्सी डेस्क (म्हणजे वाटून वापरायचं टेबल), १२,५००". मग खाली, एस्टॅब्लिशमेंट कार्ड, म्हणजे व्हिसे काढायला कंपनीला लागणारं कार्ड, एक्स्ट्रा. व्हिसा एक्स्ट्रा, त्यात मेडिकल आणि एमिरेट्स आयडी धरलंय की नाही ते लिहिलेलंच नसतं. इथे व्हिजिट व्हिसावर येऊन देशाबाहेर न जाता तो बदलून घेतला, म्हणजे स्टेटस चेंज केलं, तर त्याचे वेगळे. ॲक्टिव्हिटी (लायसन्सवर नोंदलेले धंद्याचे प्रकार) तीनपेक्षा जास्त घेतल्या तर त्याचे वेगळे. आणि सगळ्यात शेवटी "रिन्यूअल अ‍ॅज पर ऑथॉरिटी". या शेवटच्या ओळीवर पेनाने गोल करा आणि आकडा लिहून मागा, कारण पहिल्या वर्षाला दिलेला डिस्काउंट पुढच्या वर्षी कोणी देत नाही.

एका पार्टनरच्या व्हिसासकट साध्या फ्री झोन कंपनीला सगळं मिळून १८ ते २५ हजार पकडून चाला. मेनलँडला लायसन्सचाच खर्च बऱ्याचदा त्या घरात जातो, शिवाय ऑफिस लागतं, आणि ते खरंखुरं लागतं, इजारी म्हणजे भाडेकराराची नोंदणी झाल्याशिवाय बहुतेक लायसन्स पुढे सरकत नाही. व्हिसा किती मिळणार हे पण ऑफिसच्या आकारावर असतं, साधारण ८० ते १०० स्क्वेअर फुटाला एक. म्हणजे पाच माणसं ठेवायची तर टेबल टाकून भागणार नाही.

जागा, आणि तिथेच खरा पैसा जातो

मिसळ-वडापावचं छोटं दुकान दुबईच्या करामा भागात टाकायचंय असं समजा, हे स्वप्न घेऊन दर दोन महिन्यांनी कोणीतरी येतंच. भाडं इथे महिन्याला नाही, वर्षाचं ठरतं आणि चेकने द्यायचं असतं, एक, दोन, चार, जेवढे कमी चेक तेवढा घासाघीस करायला वाव. वर डिपॉझिट, ब्रोकरचं कमिशन साधारण ५ टक्के, कमर्शियल जागेच्या भाड्यावर ५ टक्के व्हॅट, 'देवा' (DEWA) म्हणजे दुबईच्या वीज-पाणी खात्याचं डिपॉझिट. आणि हे चेक गंमत नाही बरं का. २ जानेवारी २०२२ पासून चेक बाऊन्सचे बहुतेक मामले फौजदारीतून काढले, पण बाऊन्स झालेला चेक घेऊन समोरचा थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकतो, खातं गोठू शकतं, देश सोडायला बंदी येऊ शकते. पुढच्या तारखेचा चेक लिहिताना हात थोडा थरथरला तर चांगलंच आहे.

मग फिटआउट, म्हणजे रिकामी जागा दुकानासाठी तयार करणं. किचनचा नकाशा आधी म्युनिसिपालिटीकडून मंजूर करून घ्यायचा, भिंत पाडून झाल्यावर नाही. कच्चं आणि शिजलेलं वेगळं, भांडी धुवायचं सिंक वेगळं, हात धुवायचं वेगळं, ड्रेनला ग्रीस ट्रॅप, शेगडीवर हूड आणि त्याचा डक्ट पार गच्चीपर्यंत न्यायचा. इथे बहुतेक जण अडकतात, कारण तळणाचा धंदा आहे, वडे तळायचेत, आणि स्वस्तात मिळालेल्या दुकानाला डक्ट न्यायची वाटच नसते, वर सहा मजले फ्लॅट, बिल्डिंगवाला हात लावू देत नाही. म्हणून ब्रोकरला पहिला प्रश्न भाड्याचा नाही, आधी इथे किचन होतं का, डक्ट आहे का, हा. आधीपासून चालू असलेलं हॉटेल पगडी देऊन घेणं कधीकधी नव्या जागेपेक्षा स्वस्त पडतं ते याचसाठी, फक्त जुने दंड आणि जुन्या स्टाफची देणी कोणाच्या डोक्यावर हे करारात लिहून घ्या. सिव्हिल डिफेन्सची मंजुरी वेगळी, आगीचं बघायला. स्टाफला हेल्थ कार्ड, फूड हायजीनचं ट्रेनिंग, आणि दुकानात फूड सेफ्टीचं सर्टिफिकेट असलेला एक जबाबदार माणूस. या सगळ्याला जे महिने जातात ना, त्या महिन्यांचं भाडं चालूच असतं, दुकानाचं शटर अजून उघडलेलं नसतं. काही मालक फिटआउटसाठी भाडंमाफीचा काळ देतात, मागितला तरच, म्हणून मागा.

अल अदीलच्या धनंजय दातारांचं उदाहरण सगळे देतात, बर दुबईतलं किराणा दुकान आणि मग मसाला किंग. ते खरंच आहे, पण ते दुकान १९८४ चं, तेव्हाचं भाडं आणि आजचं भाडं यात तुलनाच नाही, त्यांची जिद्द घ्या, बजेट नका घेऊ.

माणसं

इथे प्रायव्हेट नोकरीत सगळ्यांना लागू असा किमान पगाराचा आकडा नाही म्हणून लोकांना वाटतं माणूस स्वस्त आहे. पगार सोडून धरा: दोन वर्षांचा व्हिसा आणि वर्क परमिट मिळून माणशी ५ ते ८ हजार, हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा, गावी जायचं तिकीट द्यायचं कबूल केलं असेल तर ते, शिवाय राहायची सोय. व्हिसाचा खर्च कामगाराकडून कापून घेणं कायद्याने बंद आहे, "सगळेच घेतात" हे उत्तर तक्रार झाल्यावर चालत नाही. पगार बँकेतून डब्ल्यूपीएसने, म्हणजे सरकारच्या पगार-नोंद यंत्रणेतून, वेळेवर, नाहीतर नवीन परमिट अडकतात.

आणि ग्रॅच्युइटी विसरू नका. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार, पुढे ३० दिवसांचा. २,००० बेसिक असलेल्या कूकचे वर्षाला १,४०० झाले. एकट्याचे कमी वाटतात पण आठ माणसं चार वर्षं टिकली तर बघा किती होतात, हे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत चला.

बँक

लायसन्स आठवड्यात येईल, बँक खात्याला मात्र महिना-दीड महिना सहज जातो. नव्या कंपनीला बँक विचारते की धंदा काय, गिऱ्हाईक कोण, भारतातली मागची सहा महिन्यांची स्टेटमेंट दाखवा, कराराच्या, इन्व्हॉइसच्या कॉपी दाखवा. मिनिमम बॅलन्स बऱ्याच ठिकाणी २५ ते ५० हजार, खाली गेलं की महिन्याला दंड. ही रक्कम तुमचीच असते पण वापरता येत नाही, म्हणून ती खर्चातच लिहा. डिजिटल बँका याबाबतीत सोप्या आहेत, सुरुवातीला त्या बघा. "अकाउंट गॅरंटीड" म्हणणाऱ्या एजंटच्या हातात खात्याचं काही नसतं, निर्णय बँकेचा.

टॅक्स नाही म्हणतात ते

पगारावर नाही, कंपनीवर आहे. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. म्हणजे नफा ५ लाख असेल तर १,२५,००० वर, ११,२५० टॅक्स. धंद्याची उलाढाल ३० लाखांपर्यंत असेल तर स्मॉल बिझनेस रिलीफ घेता येतो, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या वर्षांपुरता, पण तो आपोआप मिळत नाही, रिटर्नमध्ये मागावा लागतो. टॅक्स शून्य असला तरी रजिस्ट्रेशन हवंच, नव्या कंपनीला तीन महिन्यांत, उशीर झाला तर १०,००० दंड. पहिलं रिटर्न पहिलं वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत भरलं तर हा दंड माफ होतो, हे एजंट लोक सांगत नाहीत. फ्री झोनचं शून्य टक्के पण ठराविक उत्पन्नालाच आहे आणि त्यासाठी ऑडिट केलेले हिशोब लागतात, ऑडिटरची फी आलीच.

व्हॅट ५ टक्के, बारा महिन्यांत विक्री ३,७५,००० च्या वर गेली की नोंदणी सक्तीची. मिसळचं दुकान चाललं तर हा आकडा पहिल्याच वर्षी ओलांडतो, म्हणून मेनूवरचे भाव पहिल्या दिवसापासून व्हॅट धरून ठेवा, नंतर वाढवले की गिऱ्हाईक कुरकुरतं.

भारतातून पैसे नेताना

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथला घोळ सगळ्यात महागात पडतो. भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएस म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. परदेशातल्या स्वतःच्या कंपनीत गुंतवणूक म्हणजे ओडीआय (ओव्हरसीज डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट), त्याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये नवे आले, पैसे बँकेतून, त्यासाठीचा फॉर्म एफसी भरून, यूआयएन म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर घेऊन जायला हवेत. क्रेडिट कार्ड स्वाइप करून कंपनीचे पैसे भरू नका, एजंट कितीही सोपं सांगू दे. दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर म्हणजे त्या कंपनीचा वार्षिक अहवाल, आणि भारतातल्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात परदेशी कंपनी आणि खातं दाखवायचं. एफएमध्ये लपवलं तर ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

शिवाय टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने घ्यायचा आगाऊ टॅक्स. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जी रक्कम पाठवाल त्यावर २० टक्के बँक आधीच कापते, ३० लाख पाठवले तर ४ लाख. रिटर्न भरल्यावर ॲडजस्ट होतात किंवा परत येतात, पण तोपर्यंत अडकून पडतात, आणि नेमकी डिपॉझिटची वेळ तीच असते. मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे पाठवले तर दोन्ही वर्षांची १०-१० लाखांची मर्यादा वापरता येते, सीएला विचारून करा.

बंद करायचा खर्च

हे कोणी विचारतच नाही. लायसन्स संपू दिलं आणि गप्प भारतात जाऊन बसलं की कंपनी बंद होत नाही, दंड चढत राहतात, आणि पुढे कधी दुबईला उतरलात तर ते समोर येतात. रीतसर बंद करायचं म्हणजे स्टाफचे व्हिसा कॅन्सल, त्यांची ग्रॅच्युइटी, लिक्विडेटर (कंपनी रीतसर गुंडाळून देणारा), हरकतींसाठी नोटीस, बँक खातं बंद, व्हॅट आणि कॉर्पोरेट टॅक्स दोन्हींचं डीरजिस्ट्रेशन मुदतीत. काही हजार दिरहम यात जातात आणि तेव्हा खात्यात नेमके तेवढेच नसतात. म्हणून सुरुवातीचं कोटेशन मागताना कॅन्सलेशनचा खर्च पण त्याच कागदावर लिहून मागा. जो एजंट तो लिहून द्यायला टाळाटाळ करेल त्याच्याकडे रिन्यूअलचा आकडा पण खरा मिळणार नाही, दुसरा बघा.