जुने पिनबॉल मशीन घरच्या घरी पुन्हा चालते कसे करावे

जुने पिनबॉल मशीन घरी आले की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून राहिलेल्या मशीनमध्ये उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असू शकतात, एखादा सुटलेला स्क्रू स्विचच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसलेला असू शकतो, आणि कुणीतरी घाईत उडालेल्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळून ठेवलेली असते. पहिला दिवस फक्त टॉर्चचा आणि व्हॅक्यूम क्लीनरचा. ‘मेलेले’ म्हणून माझ्याकडे आलेली मशीन बहुतेक वेळा नुसती मळलेली निघाली आहेत, त्यामुळे सोल्डरिंग गन शोधायची घाई करू नका.

आधी जात ओळखा. गुण फिरत्या आकड्यांच्या चक्रांवर दिसत असतील तर ते इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीन, म्हणजे आत रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच), मोटर आणि मैलभर वाटावी इतकी वायर, संगणक नाही. आकडे दिव्यांसारखे उजळत असतील तर आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहेत. शिकागोच्या गॉटलिब, बॅली, विल्यम्स या कंपन्या साधारण १९७७ ते १९७९ च्या दरम्यान पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे वळल्या. या लेखात भर पहिल्या प्रकारावर आहे, कारण ती मशीन डोळ्यांनी बघून दुरुस्त करता येतात.

उघडताना

नाणी टाकायच्या दारातून आत हात घातला की एक खटका लागतो. तो ओढला की समोरची धातूची पट्टी सुटते आणि वरची काच आपल्याकडे सरकवून काढता येते. ही काच टफन्ड असते. मधे धक्का सोसेल, पण कोपरा फरशीवर टेकला तर क्षणात चुरा होतो. सतरंजीवर किंवा जाड पुठ्ठ्यावरच ठेवा.

मग चेंडू काढा. पोलादी चेंडू २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा असतो. तो आत विसरून खेळाची फळी उचलली तर थेट मागच्या चित्राच्या काचेवर घरंगळत जाईल. फळीला आतला टेकू नीट लावा आणि खाली जे दिसेल त्याचे भरपूर फोटो काढा. कोणती वायर कुठल्या टोकाला होती हे दोन तासांनंतर आठवत नाही, दोन महिन्यांनंतरची तर गोष्टच सोडा.

वीज

जुन्या मशीनला बहुधा दोन पिनांचाच प्लग असतो, अर्थिंग नसते. धातूच्या दाराला आणि कडांना हात लावून खेळायचे असल्याने हे काम टाळू नका: तीन पिनांची वायर बसवा आणि अर्थची तार ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला, दाराला, कडेच्या पट्ट्यांना जोडा. मशीन किती व्होल्टचे आहे ते लेबलवर वाचा. ११५ व्होल्टचे मशीन २३० च्या सॉकेटला थेट लावले तर पुढचा लेख वाचायची गरजच उरणार नाही. आणि काही मशीनमध्ये बटण बंद असले तरी ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज येत राहते, म्हणून आत हात घालण्याआधी प्लग काढायचाच. घरात वीजकामाचा सराव कुणाला नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

फ्यूज लेबलवर लिहिलेल्या अँपिअरचेच हवेत. फ्यूज धरणाऱ्या चापांची पकड सैल झाली असेल तर त्या तापतात, तेव्हा त्याही बदला.

आता मल्टिमीटर घ्या आणि प्रत्येक कॉइलचा, म्हणजे वीज मिळताच दांडा खेचणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, रोध मोजा. काही ओहमपासून काही दशक ओहमपर्यंत आकडा आला तर ठीक. शून्याच्या जवळ आला तर आतले वेटोळे एकमेकांना चिकटले आहेत. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे, आणि ती अनेकदा अगदी टोकाशी, सोल्डरजवळ तुटलेली असते. जळक्या कॉइलचा कागद काळपट होतो, वासही येतो.

पट्ट्या आणि चक्रे

इथे खरा वेळ जातो, आणि द्यावाही. या मशीनमध्ये शेकडो स्विच असतात आणि प्रत्येक स्विच म्हणजे दोन लवचीक पट्ट्या, टोकाला एकेक ठिपका. ठिपक्यांवर काजळी बसली की बंपर (चेंडूला धक्का देऊन परतवणारा खांब) आवाज करतो पण गुण चढत नाहीत, किंवा गुण चढतात पण घंटा वाजत नाही. जाडसर कागदाची पट्टी, एखादे जुने व्हिजिटिंग कार्डही चालते, दोन ठिपक्यांच्या मध्ये धरा, बोटाने हलकेच दाबा आणि कागद ओढून काढा. कागदावर करडी रेघ उमटते. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला ती फिकी झाली की पुढचा स्विच. जास्त विजेच्या, खड्डे पडलेल्या ठिपक्यांना बारीक कानस चालते. इलेक्ट्रॉनिक मशीनमधल्या सोनेरी मुलामा दिलेल्या ठिपक्यांना मात्र कानस लावू नका. मुलामा गेला की तो स्विच पुन्हा पुन्हा त्रास देतो.

अंतरही बघा. उघड्या स्विचच्या ठिपक्यांमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास फट असावी, आणि बंद होताना दुसरी पट्टी किंचित मागे ढकलली जावी. वाकवायचे तर पट्टी बुडापाशी धरून वाकवा. टोकाला धरून वाकवलेली पट्टी पुढे कधीच सरळ वागत नाही.

स्टेपर युनिट म्हणजे पितळी ठिपक्यांची तबकडी, त्यावर फिरणारी धातूची बोटे आणि एक दात पुढे सरकवणारी कॉइल. कारखान्यात लावलेले ग्रीस इतक्या वर्षांत डिंकासारखे घट्ट झालेले असते. युनिट उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ग्रीस पुसा, तबकडी हिरव्या घासणीने चमकवा. हाताने कॉइलचा दांडा दाबून सोडा: चक्र एकच दात पुढे जाऊन थबकले पाहिजे, आणि शून्यावर परतणारे युनिट झटक्यात परतले पाहिजे. रेंगाळले तर अजून मळ आहे. कुरकुरणाऱ्या बिजागरीवर मारतो तो तेलाचा स्प्रे इथे अजिबात नको. तो धूळ धरतो, आणि ठिणग्या उडणाऱ्या स्विचशेजारी ज्वलनशील तेल कुणाला हवे आहे?

मशीन सुरू होताना मोटर थांबायचेच नाव घेत नसेल तर घाबरू नका. गुणांचे एखादे चक्र शून्यावर येऊनही त्याचा शून्याचा स्विच ‘आलो’ असे सांगत नाही, म्हणून मोटर वाट बघत फिरत राहते. सगळी चक्रे तपासा, एखाद्या स्विचवर काजळी सापडेलच.

फ्लिपर

फ्लिपर, म्हणजे बाजूचे बटण दाबले की चेंडू वर उडवणारा हात, पिनबॉलमध्ये १९४७ साली, गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनवर आला. त्याआधी चेंडू सोडायचा आणि नशिबाकडे बघत बसायचे. खेळ फ्लिपरवरच उभा आहे, म्हणून इथे कंजुषी करू नये.

कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: एक झटका देणारे, एक फ्लिपर वर धरून ठेवणारे. फ्लिपर वर पोचला की एक छोटा स्विच उघडतो आणि झटक्याचा जोर कमी होऊन नुसते धरून ठेवणे उरते. हा स्विच मळका असेल तर फ्लिपर मरगळतो, आणि उघडतच नसेल तर कॉइल जळते. फ्लिपर हाताने पूर्ण वर करा आणि दोन-तीन मिलिमीटरची फट पडते का ते बघा.

मग दांडा बाहेर काढा. त्याचे टोक मार खाऊन खिळ्याच्या डोक्यासारखे पसरलेले असेल, जोडणारी फायबरची पट्टी लांबट भोकाची झाली असेल, कॉइलच्या आतली नळी खरवडली असेल. दांडा, पट्टी, नळी आणि शेवटचा अडसर असे चारही भाग एकदम नवे बसवा. एकेक बदलत बसलात तर जुना भाग नव्याला खातो. तेल इथेही नाही. दांडा कोरडाच चालतो.

पृष्ठभाग आणि मागची काच

रबरी कडी काढून टाका. ती जुनी, टणक आणि चिरलेली असणारच. खेळाची फळी लाकडी असते, तिला पाणी नको. नॅफ्थाने किंवा प्लास्टिकच्या बारीक पॉलिशने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून, मशीनचा प्लग काढून. मेलामाइनचा पांढरा स्पंज अल्कोहोलसोबत भन्नाट काम करतो, पण तो थोडा थर खरवडूनच काढतो, म्हणून तो शेवटचा उपाय. रंग उडालेल्या जागी ॲक्रिलिक रंगाचे हलके हात द्या आणि नंतर कार्नोबा मेण. पूर्ण फळी नव्याने रंगवायचा मोह मला पटत नाही. थोडी झीज राहू द्या, ती मशीनच्या वयाला शोभते.

मागची चित्राची काच हा माझा दुखरा कोपरा. पहिल्याच मशीनची काच मी मागून ओल्या फडक्याने पुसली आणि चित्रातल्या बाईचा अर्धा चेहरा फडक्यावर आला. रंग काचेच्या मागच्या बाजूलाच छापलेला असतो आणि दिव्यांच्या उष्णतेने त्याचे पोपडे सुटलेले असतात. मागून काहीही लावू नका; फक्त समोरून पुसा. दिवे बदलताना ०.२५ अँपिअरच्या ४४ नंबरच्या जागी ०.१५ अँपिअरचा ४७ नंबरचा दिवा बसवा, व्होल्टेज तेच ६.३, उष्णता कमी.

पेटीचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते. सुटलेल्या कोपऱ्यांना लाकडाचा गोंद आणि शिकंजा, एवढेच बहुधा पुरते.

इलेक्ट्रॉनिक मशीन असेल तर सगळ्यात आधी बोर्डवरची बॅटरी काढा. गळलेल्या बॅटरीचा हिरवट थर तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. अल्कलाइन सेल गळला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरने उदासीन करून नंतर अल्कोहोलने धुवा. काळवंडलेले कनेक्टर दोन्ही बाजूंनी बदला. आकड्यांच्या डिस्प्लेला काही मशीनमध्ये शंभराहून जास्त व्होल्ट जातात, तेव्हा चालू मशीनमध्ये तिथे बोट नको.

पहिल्यांदा चालू करताना

मुख्य फ्यूज सोडून बाकीचे सगळे फ्यूज काढून मशीन लावा आणि ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज मोजा. मग बंद करून दिव्यांचा फ्यूज, पुन्हा चालू, मग कॉइलचा. एक हात प्लगच्या बटणावर ठेवा. एखादी कॉइल सतत गुणगुणत राहिली किंवा वास आला तर लगेच बंद. अडकलेली कॉइल जळायला फार वेळ लागत नाही.

शेवटी उतार. पायांचे स्क्रू फिरवून पाणसळीने आडवी पातळी साधा. मागून पुढे येणारा उतार जुन्या मशीनला साधारण साडेतीन अंश, नंतरच्यांना साडेसहा. कमी ठेवलात तर चेंडू रेंगाळतो, जास्त ठेवलात तर पुढे धावत येऊन पडतो. टिल्टचा, म्हणजे मशीन जोरात हलवले की खेळ थांबवणारा, लंबक थोडा कमी संवेदनशील ठेवा, म्हणजे नव्या खेळाडूचा धक्का खपून जाईल. जुना गंजका चेंडू वापरू नका, नवाच टाका, आणि पंधरवड्याने तो हातात घेऊन बोट फिरवा. खरखर लागली तर फळीवर कुठेतरी टोकदार स्क्रू वर आला आहे, तो शोधून आवळा.