भाऊबीजेचं ओवाळणं: ताट आदल्या रात्री लावलं की निम्मं काम झालं

भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया, दिवाळीचा शेवटचा दिवस, आणि तोवर घरातल्या बायकांचा जीव पार मेटाकुटीला आलेला असतो. चिवड्याचा डबा तळाला गेलेला, पणत्यांचं तेल ओट्यावर, आणि अशात सकाळी सकाळी भाऊ दारात हजर, की मग सुपारी कुठेय, काडेपेटी कुठेय, अंगठी कोणाची घ्यायची अशी नुसती पळापळ. मी घरातली थोरली, सख्खे दोन आणि चुलत-मावस धरून एकूण नऊ जणांना ओवाळते, त्यामुळे आता हात बसलाय म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, ताट आदल्या रात्री लावा, म्हणजे पाडव्याच्या रात्री झोपायच्या आधी. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन, आणि एका वाटीत पेढा किंवा बर्फी (ती सकाळीच ठेवा, नाहीतर रात्री मुंग्या आणि मुलं दोघंही पोचतात). अक्षतांना अख्खे तांदूळ घ्या, तुकडा नको, आणि कुंकवाचं बोट लावून हलकेच चोळा, फार ओले केले तर सकाळपर्यंत गोळा होतो. टिळ्याचं कुंकू मात्र थेंबभर पाण्यात जरा घट्टसर कालवायचं. कोरडं कुंकू लावलं की ते नाकावर सांडतं आणि अक्षता कपाळावर टिकत नाहीत, पातळ झालं तर ओघळ थेट भुवईत. बोटाला चिकटून राहील इतपत, बस.

निरांजनाला फुलवात आणि तूप. इथेच सगळ्यांचं अडतं, कारण सुकी फुलवात ठेवून वरून तूप ओतलं की ती भुरकन पेटते आणि फुरकन विझते. रात्रीच पातळ तुपात चार-पाच वाती बुडवून वाटीत ठेवून द्या, थंडीनं तूप थिजलं तरी उत्तम, सकाळी उचलून निरांजनात ठेवायची, टोकाला जरा पिळ द्यायचा आणि लावायची. आणि पंखा बंद करा हो! दरवर्षी कोणीतरी उकडतंय म्हणून मधेच पंखा लावतं आणि ज्योत गेली की आजी कपाळाला हात लावते.

आता प्रत्यक्ष ओवाळणं. पाट मांडा, भोवती रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या तरी पुरे, गुडघे कुरकुरणाऱ्या दादाला सरळ खुर्ची द्या. तोंड पूर्वेला आलं तर छान, दक्षिणेला बसवत नाहीत कारण ती यमाची दिशा, आता गंमत अशी की आजच्या दिवसाचा मुख्य पाहुणा यमच आहे, पण असू दे. डोक्यावर टोपी, ती नसेल तर रुमाल. आधी कुंकवाचा टिळा, त्यावर अक्षता, मग अंगठी आणि सुपारी हातात धरून ओवाळायचं, आणि मग निरांजनाचं तबक दोन्ही हातांनी धरून सावकाश तीनदा, घड्याळाचे काटे फिरतात तसं. डोक्यावर चार अक्षता टाका, पेढा भरवा, आणि जो लहान असेल त्यानं मोठ्याच्या पाया पडायचं. एवढंच आहे, पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं फोटोवाल्याच्या तालावर घालवू नका. मागे एकदा "ताई परत एकदा, व्हिडिओ नीट नाही आला" करत मी धाकट्याला चौथ्यांदा ओवाळत होते आणि सुपारी घरंगळत दिवाणाखाली गेली, ती संक्रांतीच्या साफसफाईत सापडली.

ओवाळणी भाऊ तबकात घालतो. किती, यावर बोलायचंच नाही, पण आता सगळे "फोनवर पाठवलेत बघ" म्हणतात, त्यांना माझ्याकडे नियम आहे, पाठव हवं तेवढे पण तबकात निदान एक रुपयाचं नाणं वाजलं पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर शास्त्रानं द्वितीया अपराह्णात बघतात, म्हणजे साधारण दुपारी एक ते साडेतीन, म्हणून दुपारचं जेवण बहिणीकडे. गोष्टही तीच आहे ना, यम यमुनेच्या घरी जेवायला गेला, तिनं ओवाळलं, जेवू घातलं, म्हणून ही यमद्वितीया. म्हणजे जेवण हे नुसतं सोबतीचं नाही, अर्धा सण तोच. पण आठवडाभर तळकट खाल्लेल्या माणसाला परत पुऱ्या-बासुंदी वाढताना विचार करा, मी दोन वर्षांपासून वरणभात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी आणि वाटीभर बासुंदी एवढंच करते आणि नऊच्या नऊ जण वरणभात परत मागून घेतात.

खरी गुंतागुंत वेगळीच असते. दादा माझ्याकडे येणार, पण वहिनीलाही तिच्या भावाकडे जायचंय, आणि इकडे माझ्या नणंदा ह्यांना ओवाळायला आमच्याकडे येणार. हे पाडव्याला फोनवर ठरवलं नाही तर भाऊबीजेला रुसवेफुगवे ठरलेले. आमच्याकडे सरळ दोन दिवस वाटून घेतो, कोणाचं राहिलंच तर तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही ओवाळतो. अमेरिकेतल्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळायचं तर आपली सकाळ ही त्याची आदल्या दिवशीची रात्र, एवढं लक्षात ठेवा, आणि फोन डब्याला टेकवून उभा करा, निरांजन हातभर लांबून फिरवा, जवळ नेलं की त्याला फक्त पांढरा झोत दिसतो.

भाऊ नसेल किंवा येऊ शकला नसेल तर चंद्राला ओवाळतात. पण बीजेची कोर नखाएवढी असते, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसते आणि तास-सव्वातासात तीही मावळते, त्यामुळे स्वयंपाक आवरून आठला गच्चीवर गेलात तर काही नाही दिसणार. संध्याकाळ झाली की लगेच ताट घेऊन जा, वाऱ्याला हाताचा आडोसा धरा.

सगळं झाल्यावर निरांजन फुंकर मारून विझवायचं नाही, देवापुढे ठेवून द्यायचं, शांत होतं आपोआप. आणि अंगठी तबकातून काढून आधी बोटात घाला, मग तबक घासायला टाका.