लिनक्सवर '२०३८ पर्यंतच टाइमस्टॅम्प' अशी वॉर्निंग आली तर काय करायचं

मशीन चालू केलं किंवा जुनी डिस्क लावली आणि लॉगमध्ये "ही फाइल सिस्टिम २०३८ पर्यंतच टाइमस्टॅम्प (फाइलची तारीख-वेळ) ठेवू शकते" अशा अर्थाची ओळ दिसली की बरेच जण थेट फॉरमॅट मारायला निघतात. आधी थांबा. डिस्क खराब झालेली नाही आणि डेटाही कुठे जात नाहीये. इंदूरला रामबागेतल्या एका गणपती मंडळाचे जुने फोटो स्कॅन करून ज्या पीसीवर ठेवलेत त्यावर हीच ओळ आली, लगेच फोन, "दादा, डिस्क गेली का, जेल रोडवरून नवी घेऊन येऊ?" अरे नको.

भानगड काय आहे ती बघा. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद आयनोडमध्ये असते. आयनोड १२८ बाइटचा असेल तर तारखेला फक्त ३२ बिट मिळतात, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यात मोजायचे, आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८:४४:०७ ला संपते, म्हणजे इकडे ऐन पोह्यांच्या टायमाला. २५६ बाइटच्या आयनोडमध्ये जादा जागा असते म्हणून तो २४४६ पर्यंत चालतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून माउंट करताना, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडताना, बघितलं जातं की ही हद्द पुढच्या ३० वर्षांत येतेय का, येत असेल तर ओळ छापतात, बस.

आता बघायचं कसं. (कमांड देवनागरीत सांगतोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.) 'सुडो डीमेसेज' (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) चालवून त्यात २०३८ शोधा, ओळीत माउंटची जागा लिहिलेली असते. मंडळाच्या पीसीवर ती निघाली बूट पार्टिशनची (मशीन चालू व्हायला लागणाऱ्या फाइलींचा भाग), फोटो वेगळ्या पार्टिशनवर आणि ते एकदम ठणठणीत. मग 'एलएसबीएलके' ने डिव्हाइसचं नाव काढा आणि 'ट्यून२एफएस डॅश छोटा एल' च्या पुढे ते नाव द्या, लांबलचक यादी येते, त्यात 'आयनोड साइज' बघा. १२८ असेल तर चोर सापडला.

पण डीफॉल्ट तर २५६ आहे ना, मग १२८ आलं कुठून? ईटीसी फोल्डरमध्ये 'एमके२एफएस डॉट कॉन्फ' नावाची फाइल असते. फॉरमॅट करताना पार्टिशन ५१२ एमबीपेक्षा लहान असलं की त्यातला 'स्मॉल' हा प्रकार लागू होतो, आणि जुन्या फाइलीत तिथे आयनोड १२८ चा लिहिलेला असायचा. २०२१ साली ई२एफएसप्रॉग्स (ही सगळी टूल्स ज्यात येतात ते पॅकेज) १.४६.४ मध्ये तो बदलला. तरी कुणी ती फाइल हाताने एडिट केली असेल तर अपडेटनंतरही जुनीच राहू शकते, म्हणून एकदा उघडून 'स्मॉल' खालची आयनोड साइजची ओळ बघून घ्या, १२८ दिसली तर २५६ करा. नवीन फॉरमॅट करताना 'एमकेएफएस डॉट ईएक्सटी४' ला 'डॅश मोठा आय २५६' दिलं की डीफॉल्ट काहीही असो, प्रश्नच मिटला.

हे फोनवर कुणाला सांगत असाल तर "मोठा आय" दोनदा म्हणा. ट्यून२एफएस मध्ये छोटा आय म्हणजे दर किती दिवसांनी डिस्क तपासायची तो आकडा, समोरच्याने छोटा टाकला तर एरर येणार नाही, २५६ दिवस सेट होतील आणि आयनोड होता तिथेच.

आता भरलेल्या पार्टिशनचं काय. बॅकअप घ्या, अनमाउंट करा, 'ई२एफएससीके डॅश छोटा एफ' चालवा, मग 'ट्यून२एफएस डॅश मोठा आय २५६'. जुन्या ईएक्सटी३ डिस्कवर हे बहुतेक चालतं. ईएक्सटी४ वर मात्र 'फ्लेक्स बीजी' फीचर चालू असतं आणि तिथे ट्यून२एफएस सरळ नाही म्हणतो. मग एकच रस्ता, सगळं दुसरीकडे कॉपी करा, नव्याने फॉरमॅट करा, परत आणा. यात लोकं अडकतात ते यूयूआयडीवर, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकावर: फॉरमॅट केलं की तो बदलतो, एफएसटॅबमध्ये (चालू होताना काय काय माउंट करायचं त्या यादीत) जुनाच राहतो आणि पुढच्या वेळी मशीन अर्ध्यात लटकतं. म्हणून जुना यूयूआयडी आधीच लिहून ठेवा आणि फॉरमॅट करताना 'डॅश मोठा यू' ने तोच द्या. बूट पार्टिशन असेल तर ग्रबही (लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम) परत टाकावा लागू शकतो.

माझं विचाराल तर बूटसाठी एवढा खटाटोप करू नका, २०३८ पर्यंत तो पीसी कोण वापरतंय. जिथे वर्षानुवर्षं फाइली राहणार तिथे मात्र आत्ताच करा, डिस्क भरल्यावर जिवावर येतं. हद्द ओलांडली तरी फाइली उघडतीलच, पण नव्या तारखा २०३८ वरच अडकून राहतील, आणि तारीख बघून कॉपी करणारे बॅकअप त्यात गंडतील. काम झालं की तपासायला एका रिकाम्या फाइलला 'टच डॅश छोटा डी' ने २०४० ची तारीख द्या, लिस्टमध्ये २०४० दिसलं तर जमलं.

एक्सएफएस ही लिनक्सची दुसरी फाइल सिस्टिम, तिच्यावर ओळ तीच, उपाय वेगळा. 'एक्सएफएस इन्फो' मध्ये 'बिगटाइम' शून्य दिसेल. अनमाउंट करून 'एक्सएफएस अ‍ॅडमिन डॅश मोठा ओ बिगटाइम बरोबर १' दिलं की हद्द २४८६ वर जाते, फॉरमॅटची गरज नाही. फक्त ५.१० च्या आधीच्या कर्नलवर ती डिस्क मग माउंट होणार नाही, तेव्हा ती कुठल्या जुन्या मशीनला लावायची असेल तर आधी तिथला कर्नल बघून घ्या.