‘एंजल्स अँड डीमन्स’ पाहून रोमला निघालात? मग दिवस असा आखा

हा चित्रपट बघून रोमला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते : चित्रपटातल्या क्रमाने फिरू नका. टॉम हँक्सला एका रात्रीत चार कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, शोधायचे असतात. त्यामुळे तो पोपोलोच्या चौकातून नदीपार सेंट पीटर्सला, तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि पुन्हा नदीकडे अशी गाडी पळवतो. आपल्याला पायी जायचं असतं, आणि रोममधली बरीच चर्चेस बाराच्या सुमाराला दार लावतात ती थेट दुपार कलल्यावर उघडतात. मी पहिल्या खेपेला चित्रपटाचाच क्रम धरला आणि सव्वाबाराला सांता मारिया देल्ला व्हित्तोरियाच्या बंद दारापुढे उभी राहिले. दुसऱ्या खेपेला भाचीने नकाशावर रेघ मारून दिली. खाली सांगते तो रस्ता तिचा. काय बघायचं ते मात्र माझं.

मी वाईची. मोडी कागद वाचते. कागद हातात आला की मजकुराच्या आधी दोन गोष्टी बघायची सवय आहे : साल कोणतं, आणि खर्च कोणाच्या नावे पडला. ही सवय मेणवलीच्या घंटेने लावली असं मला वाटतं. नाना फडणविसांच्या घाटावर देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. लहानपणी त्या घंटेच्या काय काय गोष्टी ऐकल्या होत्या. पण घंटेवर १७०७ साल आहे, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. एवढं कळलं की हिंदू देवळाशेजारी मरियम कशी, हे कोडं राहत नाही. रोममध्ये दिवसभर हेच दोन प्रश्न खिशात ठेवायचे.

निघण्याआधी घरी चित्रपट पुन्हा एकदा बघा, आणि या वेळी तारखा मनाशी धरून बघा. त्यात इल्युमिनाती हा गॅलिलिओच्या आणि बर्निनी या शिल्पकाराच्या काळातला गुप्त संघ आहे, आणि त्याच्या वाटेच्या खुणा बर्निनीने कोरल्या आहेत. खरा इल्युमिनाती संघ आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने १ मे १७७६ ला बव्हेरियात, इंगोलश्टाट गावी काढला, आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या राजसत्तेने तो मोडला. गॅलिलिओ गेला १६४२ ला, बर्निनी १६८० ला. म्हणजे जो संघ अजून शंभर वर्षं जन्मायचा होता, त्यासाठी बर्निनी खुणा कोरणार कुठून? उलट धरूनही सारखाच वाचता येणारा ‘इल्युमिनाती’ हा शब्दसुद्धा आपल्याच काळातल्या जॉन लँगडन नावाच्या कलाकाराने रेखाटलेला आहे, आणि नायकाचं आडनाव त्याच्यावरूनच ठेवलं आहे. हे घरीच कळलेलं बरं. मग तिथे गेल्यावर जे खरं आहे त्याच्याकडे डोळे मोकळे राहतात.

दुसरं, त्या ‘गुप्त’ दप्तरखान्याचं. व्हॅटिकनच्या दप्तराच्या नावात ‘सेक्रेतुम’ हा शब्द होता, आणि त्यावर निम्मा चित्रपट उभा आहे. त्या लॅटिन शब्दाचा इथला अर्थ आपल्या ‘खासगी’ या शब्दाच्या अगदी जवळ जातो. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा, त्यातली खासगी. म्हणजे पोपचं स्वतःचं दप्तर. तेराव्या लिओ पोपने १८८१ मध्ये ते अभ्यासकांना खुलं केलं आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो शब्द नावातून काढूनच टाकला. दप्तरखान्यात बसणाऱ्या माणसाला यात आश्चर्य वाटत नाही. वाचायला न मिळणाऱ्या कागदांपेक्षा, समोर पडलेले आणि कोणी न वाचलेले कागदच जास्त असतात.

आता रस्ता. बरोबर पाण्याची बाटली घ्या, रोमभर रस्त्याकडेला पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत पाठवतात. एक-दोन युरोची नाणी सुटी ठेवा. काही चर्चेसमध्ये चित्रांवरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. छोटी दुर्बीण असेल तर फार उत्तम. रविवार टाळा, कारण मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, चालू असताना कपेलांमधून, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या देवघरांमधून, हिंडता येत नाही.

सकाळी मेट्रोच्या ए मार्गाने फ्लामिनिओला उतरा. कमानीतून आत गेलं की डाव्या हाताला सांता मारिया देल पोपोलो. चित्रपटातलं या चर्चचं अंतरंग इथलं नाही. रोमच्या धर्मप्रांताने या आणि व्हित्तोरियाच्या चर्चमध्ये चित्रीकरणाला परवानगी दिली नव्हती, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये सेट उभारले. त्यामुळे आत शिरल्यावर सगळं पडद्यावरच्यासारखं दिसणार नाही, आणि ते चांगलंच आहे.

किजी कपेला दारातून शिरल्यावर डावीकडे. इथे घाई करू नका, दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते. कपेलाची आखणी चित्रकार राफाएलची, पैसा आगोस्तिनो किजी या सराफाचा. भिंतीला लागून दोन उंच पिरॅमिड दिसतील, त्या थडग्यांच्या खुणा. कोपऱ्यात बर्निनीचा देवदूत हबक्कूक संदेष्ट्याचे केस धरून उभा आहे आणि बोट दाखवतो आहे. चित्रपटात हे बोट पुढच्या ठिकाणाची दिशा सांगतं. तुम्ही काय करा, देवदूताच्या बोटाच्या रेषेत मान वळवा. समोरच्या तिरक्या कोपऱ्यात दानीएल आहे, त्याच्या पायाशी सिंह. बायबलमधल्या कथेत हबक्कूक शेतावरच्या कापणीवाल्यांना जेवण घेऊन निघालेला असतो. देवदूत त्याला केसांना धरून उचलतो आणि ते जेवण सिंहांच्या गुहेतल्या दानीएलला पोचवायला लावतो. म्हणून देवदूत दानीएलकडे बोट दाखवतो आणि हबक्कूक उलट बाजूला, शेताकडे. ‘इकडे नाही, तिकडे’ असा तो वाद आहे. दोन कोपऱ्यांमधली मोकळी जागा बर्निनीने वापरली, आणि आपण नेमके त्या जागेत उभे असतो.

मग वर बघा. घुमटाच्या मधोमध देव, भोवती सूर्य, चंद्र आणि ग्रह, प्रत्येकावर एक देवदूत. साल १५१६, म्हणजे कोपर्निकसचं पुस्तक यायला अजून सत्तावीस वर्षं आहेत. सूर्य इथे ग्रहांच्याच रांगेत बसला आहे, आपल्या नवग्रहांत बसतो तसा.

आणि आता खाली. फरशीत संगमरवरी जडावाचा एक पंखवाला सांगाडा आहे, किजी घराण्याची ढाल धरलेला. त्याच्याजवळ तीन लॅटिन शब्द, उच्चारायला ‘मोर्स आद केलोस’, अर्थ साधारण ‘मृत्यू, तो स्वर्गाकडे’. गर्दी त्याच्यावरून चालत जाते. मी खाली वाकले आणि मला काही अक्षरं बाकीच्यांहून मोठी दिसली. पहिल्या शब्दातला एम, दुसऱ्यातला डी, तिसऱ्यातले सी आणि एल. रोमन आकडे म्हणून लावा : १०००, ५००, १००, ५०. बेरीज १६५०. रोमच्या ज्युबिली, म्हणजे चर्चच्या पवित्र, वर्षाची ती तारीख आहे. मी तिथेच बसले. आपल्या शिलालेखांत आणि पोथ्यांत भूतसंख्या असतात : चंद्र म्हणजे १, नेत्र २, वेद ४, बाण ५, आणि उजवीकडून डावीकडे वाचत गेलं की शक निघतो. त्याच खोडीचा हा सख्खा भाऊ, वाईपासून इतक्या दूर, पायाखाली. भाची म्हणाली, “मावशी, उठ, लोक बघतायत.” मी म्हटलं, बघू देत, म्हणजे निदान फरशी तरी बघतील.

याच चर्चमध्ये मुख्य वेदीच्या डावीकडच्या कपेलात काराव्हाज्जिओची दोन चित्रं आहेत, तिथे एक नाणं खर्च करा.

फ्लामिनिओहून मेट्रोने रेपुब्लिका, तिसरं स्टेशन. तिथून थोडं चाललं की सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया. बारापूर्वी पोचायचंच. हे चर्च बाहेरून साधं आणि आत लहान आहे. डाव्या हाताच्या कोर्नारो कपेलात बर्निनीची संत तेरेसा. चित्रपटातली चार ठिकाणं पृथ्वी, वायू, अग्नी आणि जल यांची, त्यांत इथे ‘अग्नी’ आहे, आणि त्याला आधार आहे : देवदूताच्या सोन्याच्या भाल्याच्या टोकाला विस्तव होता असं तेरेसाने स्वतः लिहून ठेवलं आहे. पण तुम्ही मूर्तीच्या वर कुठून उजेड येतो ते शोधा. तिथे एक लपवलेली खिडकी आहे, आणि तिच्यातून आलेला दिवसाचा उजेड त्या सोनेरी किरणांवर पडतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींत नाटकगृहातल्या सज्जांसारखे सज्जे आणि त्यांत गप्पा मारणारे कोर्नारो घराण्यातले पुरुष. खर्च कोणाचा हे वेगळं विचारावं लागत नाही.

आता उतार आहे, पायीच चला. पियाझ्झा बार्बेरिनीपासून एक खेळ सुरू करा : मधमाश्या मोजा. तीन मधमाश्या ही बार्बेरिनी घराण्याची खूण, आठवा उर्बान पोप त्यांचा. व्हिया व्हेनेतोच्या कोपऱ्यावर मधमाश्यांचं छोटं कारंजं बर्निनीचंच आहे. सहा टेकड्या आणि वर तारा दिसला की समजा किजी, म्हणजे सातवा अलेक्झांडर. चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबूतर म्हणजे पाम्फिली, दहावा इनोसंट. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच : रोमभर कोरलेल्या या खुणा कोणापासून लपवायला नव्हत्या, रस्त्यावरच्या अडाणी माणसालाही हे कोणी बांधलं ते कळावं म्हणून होत्या. शिक्क्यासारख्या. आपण ते शिक्के ओळखायचे विसरलो, म्हणून ते गूढ झाले.

पँथिऑनला, म्हणजे जुन्या रोमन देवळाला, २०२३ च्या जुलैपासून तिकीट आहे, सुरू झालं तेव्हा ५ युरो होतं. राफाएलचं थडगं इथे आहे, म्हणून चित्रपटातली मंडळी आधी इथे येतात आणि चुकतात. तिकिटाची रांग मोठी असेल तर सोडा. पण मागच्या बाजूला जाणं सोडू नका. तिथे एका दगडी हत्तीच्या पाठीवर छोटा ओबेलिस्क, म्हणजे टोकदार चौकोनी दगडी स्तंभ, आहे, आणि हत्तीच्या मागे सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा. त्याला लागून असलेल्या मठात २२ जून १६३३ ला गॅलिलिओला गुडघे टेकवून पृथ्वी फिरते हे मत सोडल्याचं वाचायला लावलं. सगळी कथा गॅलिलिओच्या नावावर उभी असून चित्रपट इथे येत नाही, आणि मला ते खटकतं. गॅलिलिओच्या प्रकरणात चूक झाली हे चर्चने मान्य केलं ते १९९२ मध्ये, दुसरे जॉन पॉल पोप असताना. मी त्या दाराशी चप्पल सैल करून पाच मिनिटं गप्प उभी होते. तुम्हीही तेवढं करा.

पुढे पियाझ्झा नव्होना. चार नद्यांचं कारंजं, १६५१. चारांतली एक आपली गंगा आहे, दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात, हातात लांब वल्हं. गंगामाई म्हणणाऱ्या आपल्या माणसाला क्षणभर चुकल्यासारखं होतं, पण त्यांच्याकडे नद्या पुरुषच. वल्हं कशासाठी? गंगेतून नावा चालतात म्हणून. नाईलने तोंडावर वस्त्र घेतलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता. खरं गुपित दाखवायची ही केवढी सुंदर रीत. समोरच्या चर्चची कुरूपता बघवत नाही म्हणून तोंड झाकलं, अशी दंतकथा कोणीतरी ऐकवेलच. साल विचारा : कारंजं १६५१ ला झालं, चर्चचं बांधकाम १६५२ ला सुरू झालं. ओबेलिस्कच्या टोकावर कबूतर आहे, ते कोणाचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

इथून पूल. संत आंजेलो पुलावरचे दहा देवदूत बर्निनीच्या योजनेतले, पण त्याने स्वतः घडवलेले दोन सांत आंद्रेआ देल्ले फ्रात्ते या चर्चमध्ये आहेत. पुलावर त्यांच्या प्रती. समोरचा किल्ला मुळात हेड्रियन बादशहाचं थडगं. चित्रपटातली तटावरून जाणारी वाट खरी आहे, ‘पास्सेत्तो’ म्हणतात तिला, साधारण ८०० मीटर. ६ मे १५२७ ला रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप याच वाटेने किल्ल्यात पळाला.

सेंट पीटर्सचा चौक शेवटी, ऊन उतरल्यावर. बुधवारी सकाळी आणि रविवारी बाराला पोपच्या दर्शनाची गर्दी असते, पण आपण संध्याकाळी पोचतो. ओबेलिस्कभोवती जमिनीत वाऱ्यांचे दगड आहेत. त्यांत ‘पोनेन्ते’, पश्चिमेचा वारा, गाल फुगवून फुंकर घालतो आहे. चित्रपटात ही बर्निनीची खूण. हे दगड एकोणिसाव्या शतकातले, बर्निनी जाऊन शंभर वर्षं उलटून गेल्यानंतरचे. तरीही फोटो काढा, चेहरा गोड आहे.

मग ओबेलिस्क आणि कारंजं यांच्या मध्ये फरशीत एक गोल चकती शोधा. तिच्यावर उभं राहून खांबांकडे बघा. एकामागे एक अशा खांबांच्या चार रांगा आहेत, चौकात मिळून २८४ खांब. चकतीवरून मागचे तिन्ही पुढच्याच्या आड जातात आणि एकच रांग दिसते. भाचीला मी चकतीवर उभं केलं. मग म्हटलं, आता एक पाऊल डावीकडे टाक. तिने टाकलं, आणि प्रत्येक खांबामागून दुसरा खांब बाहेर आला.