पॉइंट नंबर आधी वाटून घ्या, मग इन्स्ट्रुमेंट लावा

दोन सर्व्हे टीम, दोन टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इन्स्ट्रुमेंट) आणि मोजलेल्या पॉइंटांना नंबर द्यायला दोघांनीही सुरुवात केलेली १ पासून. संध्याकाळी दोन्ही फाइली एकाच ड्रॉइंगमध्ये आणायला बसलं की सिव्हिल थ्रीडी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विचारतं, हा नंबर आधीच आहे, काय करू? एका ड्रॉइंगमध्ये एका नंबरचा एकच कोगो पॉइंट (नंबर, जागा आणि लेव्हल असलेला सर्व्हे पॉइंट) राहतो. घाईत मी एकदा ‘ओव्हरराइट’ दाबलं होतं. पहिल्या टीमचा १०१ म्हणजे कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) हेडवॉलवरचा टीबीएम, म्हणजे माहीत लेव्हलची तात्पुरती खूण. तो गेला आणि त्याच नंबरावर रस्त्याची कड येऊन बसली. लेव्हल का जुळत नाहीत म्हणून अर्धा दिवस सरफेस (पॉइंटांवरून बनलेलं जमिनीचं मॉडेल) चाळत बसलो, दोष होता नंबरात.

तेव्हापासून टीम निघण्याआधीच नंबर वाटून देतो. १ ते ९९ कंट्रोल पॉइंट (ज्यांच्यावरून बाकीचं मोजतात ते पक्के पॉइंट) आणि टीबीएम. पहिल्या टीमला १००१ ते १९९९, दुसरीला २००१ ते २९९९. डिझाइनमधून काढलेले स्टेकआउट पॉइंट, म्हणजे साइटवर खुंटी ठोकायच्या जागा, ९००१ पासून. काम मोठं असेल तर गठ्ठे दहा हजारांचे करा. ही वाटणी फील्ड बुकच्या (साइटवरच्या नोंदवहीच्या) पहिल्या पानावर लिहायची, तोंडी सांगितलेली दुपारपर्यंत टिकत नाही.

मग सॉफ्टवेअरला तीच वाटणी सांगा. टूलस्पेस या बाजूच्या पॅनेलच्या सेटिंग्ज टॅबमध्ये ‘पॉइंट’, त्याखाली ‘कमांड्स’, तिथे ‘क्रिएटपॉइंट्स’वर राइट क्लिक करून ‘एडिट कमांड सेटिंग्ज’ उघडा. ‘पॉइंट आयडेंटिटी’मध्ये ‘नेक्स्ट पॉइंट नंबर’ ९००१ करा. नंबर आधीच असेल तर काय करायचं, तेही इथेच ठरतं. ते ‘नोटिफाय’वर ठेवा. परस्पर निर्णय घेण्यापेक्षा त्याने विचारलेलं बरं.

इम्पोर्ट करताना फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. नंबरानंतर नॉर्थिंग (उत्तरेकडचं अंतर) आहे की ईस्टिंग (पूर्वेकडचं), त्याप्रमाणे फॉरमॅट निवडा. पॉइंट नंबर पूर्णांकच लागतो. ‘एसटी१’ असलं काही असेल तर ते पॉइंट नेमच्या रकान्यात गेलं पाहिजे.

तरीही नंबर भिडलेच तर ऑफसेट द्या. ५००० मिळवले की १०१ चा ५१०१ होतो आणि शेवटच्या आकड्यांवरून फील्ड बुकमधली नोंद लगेच सापडते. ‘पुढचा मोकळा नंबर’ हा पर्याय सोपा दिसतो, पण त्यात फील्ड बुकशी नातंच तुटतं. ओव्हरराइट फक्त एकाच कामासाठी: त्याच पॉइंटांची दुरुस्त केलेली फाइल आली असेल तेव्हा.

नंबर नंतर बदलायचे असतील तर टूलस्पेसच्याच प्रॉस्पेक्टर टॅबमध्ये ‘पॉइंट्स’ निवडा, खालच्या यादीतले हवे ते पॉइंट धरून राइट क्लिक आणि ‘रीनंबर’. किती मिळवायचे ते विचारलं जातं. पण आधी पॉइंट ग्रुप बघा. ग्रुप १००१-१९९९ अशा रेंजवर बांधलेला असेल तर नंबर बदललेले पॉइंट त्यातून मुकाट बाहेर पडतात, आणि त्या ग्रुपवरचा सरफेस रिबिल्ड झाला की तिथल्या लेव्हल गायब. सर्व्हे डेटाबेसमधून आलेले पॉइंट ड्रॉइंगमध्ये लॉक असतात. त्यांचं कुलूप उघडण्यापेक्षा बदल डेटाबेसमध्येच करा.

डिलीट केलेल्या पॉइंटांच्या रिकाम्या जागा भरू नका. यादी तुटक दिसते, दिसू द्या. आणि स्टेकआउटची फाइल साइटवर गेल्यावर तर त्या नंबरांना हात लावायचा नाही. तिथल्या इन्स्ट्रुमेंटच्या कंट्रोलरमध्ये ९०४५ म्हणजे जुनाच कोपरा असतो, आणि खुंटी त्यावरच ठोकली जाते.