छताला भोक का ठेवतात? खिद्रापूरपासून रोमपर्यंत बांधकाम वाचायची रीत

रोमचं पँथिऑन हे प्राचीन देऊळ, विजापूरचा गोल घुमट आणि पन्हाळ्यावरचं धान्याचं कोठार एकाच वहीत, एकाच मापाने मांडता येतात. कोल्हापुरात राहणाऱ्याला त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. दोन-तीन रविवार आणि मे महिन्यातली एक दुपार पुरते.

कुठल्याही बांधकामापुढे उभं राहिलं की आधी दोनच प्रश्न विचारायचे. छताचं वजन कुठल्या वाटेने जमिनीत जातं? आणि उजेड कुठून आत येतो? शैली, राजघराणं, शतक हे सगळं नंतर. बहुतेक जण उलटं करतात: आधी पाटी वाचतात, मग नक्षीचा फोटो काढतात आणि छताकडे न बघताच बाहेर पडतात.

सामान फार नाही. पाच मीटरची पोलादी टेप, एक सेंटिमीटर चौकटींची आलेख वही, टॉर्च, शाळेतला कोनमापक, हातभर दोरा आणि दोऱ्याला बांधायला एक जड नट. लेसरचं माप यंत्र असेल तर आतल्या अंधारात कामाला येतं. उन्हात त्याचा ठिपकाच दिसत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर टेप घरी ठेवू नका.

आधी स्वतःचं पाऊल मोजून घ्या. सपाट रस्त्यावर टेप चार वेळा लावून वीस मीटर आखा आणि नेहमीच्या चालीने तीनदा चालून पावलं मोजा. सरासरी अठ्ठावीस आली तर तुमचं पाऊल एकाहत्तर सेंटिमीटरचं. हिशेब सोपा व्हावा म्हणून मुद्दाम मीटरभर ढांगा टाकू नका. दहा-वीस पावलांनंतर त्या आखूड होत जातात आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही.

उंचीचा सराव नव्या राजवाड्यापुढे करा. १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला हा वाडा मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्याचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास आणि अजमेरचं मेयो कॉलेजही त्याचंच. शैली म्हणाल तर खिचडी आहे, पण मधला अष्टकोनी घड्याळाचा मनोरा उंची मोजायला झकास.

कोनमापकाच्या मध्यबिंदूतून दोरा ओवा आणि खाली नट लोंबू द्या. सरळ कडेवरून मनोऱ्याचं टोक बघा. दोरा ४५ अंशांवर आला की त्या जागी खूण करा. मग मागे सरकत जा आणि दोरा ६३.५ अंशांवर आला, म्हणजे नजर साडेसव्वीस अंश वर राहिली, की थांबा. या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच तुमच्या डोळ्यापासून टोकापर्यंतची उंची. त्यात डोळ्याची उंची मिळवा. या रीतीत मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत जावंच लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. वारा असेल तर दोरा हलतो, आणि मागच्या जागेवर एका अंशाची चूक उंचीत नऊ-दहा टक्क्यांची होते. म्हणून तीनदा बघा, सरासरी घ्या. दोन्ही जागा एकाच पातळीत हव्यात. घुमटाच्या बाबतीत आणखी एक फसगत होते: फार जवळ उभं राहिलं तर घुमटाचं खरं टोक दिसतच नाही, त्याची फुगीर कड दिसते आणि आपण तिलाच टोक समजतो.

आडवा दगड किती लांब टिकतो

आता अंबाबाईच्या देवळात चला. काळ्या दगडाचे खांब दाटीने उभे आहेत. दाटी शोभेसाठी नाही. दगड दाब हवा तितका सोसतो, ताण सोसत नाही. दोन खांबांवर आडवी तुळई ठेवली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मोडायची झाली तर ती मधोमध, खालच्या कडेपासून तडकते. आमच्या भागातला काळा दगड घनमीटरला सुमारे तीन टन भरतो. तीन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद-जाड तुळई म्हणजे सव्वादोन टन. छताच्या ओझ्याआधी हे स्वतःचं वजनही तिलाच पेलावं लागतं. अथेन्सच्या पार्थेनॉनला संगमरवर होता आणि पैसाही होता, तरी तिथल्या खांबांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ४.३ मीटरच्या आसपासच राहिलं.

मोजताना दोन मापं घ्या: खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं, आणि खांबाच्या डोक्यावर बाहेर आलेल्या हस्तांमधलं मोकळं. दुसरं बरंच कमी भरतं, आणि तुळईला प्रत्यक्षात तेवढंच पार करायचं असतं. हस्त ही नुसती नक्षी आहे असं समजून बसलात तर अर्धं देऊळ हुकलं.

किरणोत्सवाचं गणितही इथेच शिकून घ्या. मावळतीचे किरण ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मूर्तीपर्यंत पोचतात. या दोन तारखांच्या जोड्या का? १० नोव्हेंबर हा २१-२२ डिसेंबरच्या एकेचाळीस-बेचाळीस दिवस आधी येतो, १ फेब्रुवारी तितकेच दिवस नंतर. दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेच्या सुमारे अठरा अंश दक्षिणेला, जवळजवळ एकाच जागी मावळतो. इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळात २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारीला उगवतीचं ऊन गाभाऱ्यात जातं, तिथेही डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण दोन-दोन महिने मोजून बघा.

सूर्य खाली जातो तसा किरण मूर्तीवर वर चढतो, कारण तिरपा किरण आडवा होत जातो. म्हणजे चेहऱ्यापर्यंतचा प्रवास शेवटच्या काही मिनिटांत होतो, आणि अडथळा नेमका तेव्हाच येतो. क्षितिजाजवळ सूर्य एक अंश उतरायला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. शंभर मीटरवरचं बांधकाम किरणाच्या वाटेत पावणेदोन मीटर जरी वर आलं तरी एक अंश झाकला जातो, म्हणजे ही चार मिनिटं गेली. उरलेलं धुरकट हवा आणि ढग खातात. गाभाऱ्याजवळ फोटो काढू देत नाहीत, आणि त्या गर्दीत तो धडपणे येतही नाही. महाद्वार रस्त्यावर उभे राहा, मावळतीकडे तोंड करा आणि कोनमापकाने अडथळे मोजा. त्यातून जास्त कळतं.

खिद्रापूर, मे महिन्यात

कोल्हापुरापासून साधारण साठ किलोमीटर, जयसिंगपूर-नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या बाजूने. कोपेश्वराचं हे शिलाहारकालीन देऊळ पुढून बघायला सुरुवात करायची, कारण स्वर्गमंडप पुढे आहे: ४८ खांब, त्यातले १२ आतल्या वर्तुळात, आणि त्या बारांवर आडव्या थरांनी आत येणारं छत, जे मधोमध थांबतं. वर सुमारे १३ फुटांचं गोल आभाळ. खाली बरोबर गोल शिळा.

हे छत कमानीचं नाही. प्रत्येक थर खालच्या थरावर आडवा टेकलेला आहे आणि थोडासा पुढे आला आहे. पुढे आलेला भाग पडू नये म्हणून मागच्या भागावर वजन हवं. म्हणून अशी छतं कडेला जड असतात. थर जितके पुढे काढाल तितकं मागचं ओझं वाढवावं लागतं.

भोक मुद्दाम ठेवलं की काम अपुरं राहिलं, यावर वाद आहेत. यज्ञाचा धूर जायला ठेवलं, असं परंपरा सांगते. खालच्या शिळेचा व्यास टेपने मोजा आणि वरच्या मापाशी ताडून बघा. इतका नेमका जोड अपुऱ्या कामात चुकून जमतो, हे पटायला जड जातं.

आता त्या दुपारचं. इथल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: ६ मेच्या आसपास आणि ६-७ ऑगस्टला. ऑगस्टमध्ये ढग असतात, आणि कृष्णेला पूर आला तर रस्ताही बंद. म्हणून मे. दुपारी साधारण १२ वाजून २८ मिनिटांनी ऊन सरळ खाली पडतं आणि उजेडाचं वर्तुळ शिळेवर बसतं. बारालाच पोचा. भोकाची उंची पाच मीटर धरली तर वर्तुळ मिनिटाला दोन सेंटिमीटर सरकतं. त्याच्या कडेला दर पाच मिनिटांनी एक नाणं ठेवत जा. खडूने खुणा करू नका, देऊळ चालतं आहे. चपला बाहेर राहतात आणि मेमधली फरशी तळपाय भाजते. जाड मोजे न्या. हे न सांगितल्याने कित्येकांचं निरीक्षण पाच मिनिटांत संपतं.

वरून पाऊस आत येतो, तो कुठे जातो हेही शोधा. फरशीवर थोडं पाणी ओता आणि ढाळ कुठल्या बाजूला आहे ते बघा.

घुमट का पडत नाही

पन्हाळा वीस किलोमीटर. तिथल्या अंबरखान्याच्या, म्हणजे धान्याच्या कोठाराच्या, गंगा कोठीत सोळा खण आहेत, प्रत्येकावर चपटा घुमट आणि प्रत्येक घुमटाला माथ्यावर भोक. वरून धान्य ओतायचं. टॉर्च घेऊन आत जा आणि त्या भोकाच्या कडेचे दगड बघा.

कमान आणि घुमट दोन्ही आपलं वजन नुसतं खाली ढकलत नाहीत, बाहेरही ढकलतात. जितका चपटा, तितका बाहेरचा रेटा जास्त. मधल्या खणांत शेजारचे दोन घुमट एकमेकांना रेटतात आणि हिशेब मिटतो. कडेच्या खणांना मात्र बाहेरची भिंतच अडवून धरते. ती इतकी जाड का, हे आता कोणाला विचारावं लागणार नाही.

मग माथ्यावरचा दगडच काढला तर घुमट कोसळत कसा नाही? घुमटाच्या वरच्या भागात दगड चारी बाजूंनी मधे सरकू बघतात. त्यांचं एक कडं झालं की ते एकमेकांना घट्ट दाबून धरतात. मधला दगड असला काय, नसला काय. रोमचं पँथिऑन याच जोरावर एकोणीसशे वर्षं उभं आहे. हेड्रियन बादशहाच्या काळातलं, इ.स. १२६च्या सुमाराचं. आतला व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, आणि माथ्याला ८ मीटरहून थोडं मोठं उघडं भोक. सळईचा पत्ता नाही, सगळं साधं काँक्रीट. खाली जाडी ६.४ मीटर, वर जेमतेम १.२. खडीसुद्धा खाली जड दगडाची, वर जाता जाता सच्छिद्र, हलक्या ज्वालामुखी दगडाची. पावसाच्या पाण्यासाठी फरशी मधे किंचित फुगीर आणि तिला २२ छिद्रं.

खिद्रापूरसारखं उजेडाचं वर्तुळ तिथे भोकाच्या बरोबर खाली कधीच येत नाही. रोम इतकं उत्तरेला आहे की २१ जूनलाही दुपारचा सूर्य ७१.५ अंशांवरच थांबतो आणि वर्तुळ मध्यापासून चौदा मीटर उत्तरेकडे पडतं. दार उत्तरेलाच आहे. २१ एप्रिलला, म्हणजे रोमच्या स्थापनेचा म्हणून मानलेल्या दिवशी, दुपारचा झोत त्या दारावर येतो.

रेटा डोळ्यांनी बघायचा असेल तर घरी साखळी टांगा. भिंतीवर तीस सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे, त्यांना बारीक कड्यांची पाऊण मीटर साखळी. दोरा चालत नाही. तो हलका असतो, पीळ धरतो आणि आकार खोटा दाखवतो. साखळीचा फोटो काढा आणि फोन उलटा धरा: ती उभी कमान. साखळीत फक्त ताण असतो, उलटी केली की फक्त दाब. मधोमध दोन-तीन नट अडकवले की तळ टोकदार होतो. माथ्यावर जड कळस ठेवायचा असेल तर कमानही तशीच टोकदार हवी, हे एवढ्यात दिसतं. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला तडे गेले तेव्हा इटालियन गणितज्ञ जोव्हान्नी पोलेनी यांनी अशीच वजनं अडकवलेली साखळी टांगून बघितली आणि १७४८ साली निष्कर्ष छापला: उलटी साखळी घुमटाच्या जाडीच्या आत बसते, म्हणून तडे असूनही तो उभा राहील. तरी खबरदारी म्हणून त्याला लोखंडी कडी घातलीच.

शेवटी वही उघडा. एक सेंटिमीटर म्हणजे अडीच मीटर हे माप धरा. पँथिऑन १७.३ सेंटिमीटरचं वर्तुळ, त्याची पायथ्याची जाडी अडीच सेंटिमीटर, माथ्याला अर्धा. गोल घुमट (१६५६) आतून सुमारे ३८ मीटर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. खिद्रापूरचं भोक दीड सेंटिमीटरच्या थोडं वर. मोठी वर्तुळं कंपासने काढताना कागदाखाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर टोक सरकतं.

हे चित्र घेऊन मग विजापूर गाठा. तिथे चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायला एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी वापरल्या आहेत. त्या आत झुकलेल्या आहेत, आणि झुकलेल्या भागाचं वजन घुमटाचा बाहेरचा रेटा आत ओढून धरतं. आधी खाली, खोलीच्या मधोमध उभे राहून आठही कमानी बोटाने मोजा. सज्जात नंतर चढा, आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. शाळांच्या सहली पोचल्या की वर फक्त आरोळ्या ऐकू येतात.